‘तू मोठा आहेस ना’ हे वाक्य आठवडाभर बंद ठेवून बघा

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा साडेसहा वर्षांचा, मुलगी चारची. सकाळी दात घासण्यापासून रात्री भिंतीकडे कुणी झोपायचं इथपर्यंत भांडण. तो ढकलतो, ती चावते. आजी म्हणतात, मोठ्यानं समजून घ्यायला हवं. त्यात सोसायटीत खाली खेळायला गेला की मुलं त्याला खेळात घेत नाहीत, मग तो धक्काबुक्की करतो आणि तक्रार वर येते. “यांना भांडण न करता राहायला कसं शिकवू?”

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. भांडण न करता राहायला मी २८ वर्षांत एकाही मुलाला शिकवू शकलेले नाही आणि आता तसा प्रयत्नही करत नाही. आमच्या बालवाडीत तीस मुलं, एक घसरगुंडी आणि दोन झोपाळे. भांडण होणारच. उलट जी मुलं कधीच भांडत नाहीत त्यांच्याकडे मी जरा जास्त लक्ष ठेवते, कारण ती बहुतेक वेळा सोडून देत असतात. मुलांना शिकवता येतं ते भांडण संपवायला. सुरू करणं उपजत येतं, संपवणं सरावानं येतं, आणि हा सराव नेमका आपण मोठी माणसं त्यांच्याकडून काढून घेतो. धावत येतो, निकाल देतो, वस्तू एकाच्या हातात देतो नाहीतर कपाटावर ठेवतो. भांडण मिटतं खरं, पण ते आपण मिटवलेलं असतं. पुढच्या वेळी पुन्हा आपणच लागतो.

तुम्ही काहीही बदलण्याआधी तीन दिवस फक्त नोंद ठेवा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात भांडणाची वेळ लिहायची. कोण चुकलं, कुणी सुरू केलं, काही लिहायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या कॅलेंडरवर खुणा बहुधा दोन ठिकाणी गर्दी करतात : शाळेतून आल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास, आणि संध्याकाळी सातपासून जेवणापर्यंत. म्हणजे भूक आणि पेंग. सात वाजता एक केळं किंवा मूठभर चुरमुरे-शेंगदाणे दिल्यावर जी भांडणं गायब होतात, त्यांच्यासाठी कुठल्याही शिकवणुकीची गरज नव्हती. तिसरी गर्दी आईच्या किंवा बाबांच्या फोनभोवती असते. आपण बोलायला लागलो की तिकडे किंकाळी ठरलेली. तिथे आधी सांगून ठेवायचं, “मी मावशीशी बोलणार आहे, काटा इथे येईपर्यंत”, आणि काटा तिथे आला की खरोखर फोन ठेवायचा. एवढं केलं की जी उरतील ती खरी भांडणं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

आता वयाचं. चार आणि साडेसहा यांत अडीच वर्षांचंच अंतर दिसतं, पण मनाच्या दृष्टीनं मधे एक मोठा ओढा आहे. हे घरी करून बघता येईल. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घ्या, ज्यात सुईदोरे ठेवलेले असतात (मराठी घरात असा एक डबा असतोच). सुया तेवढ्या बाजूला काढा. मुलीला बंद डबा दाखवून विचारा, आत काय आहे? ती म्हणेल, बिस्किटं. उघडा, रिळं दाखवा. पुन्हा झाकण लावा आणि विचारा, “दादानं डबा उघडून बघितलेला नाही. त्याला विचारलं तर तो काय सांगेल?” तीन वर्षांचं मूल ठामपणे सांगतं, “रिळं!” आपल्याला माहीत झालं म्हणजे सगळ्या जगाला माहीत झालं, असा त्याचा हिशेब. साधारण चार ते पाचच्या दरम्यान कधीतरी उत्तर पालटतं : “तो म्हणेल बिस्किटं”, आणि वर फसवल्याचं हसू. विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली चॉकलेटची जागा बदलण्याच्या एका गोष्टीतून हे तपासलं होतं. डब्याची रीत त्यानंतर आली.

तुमची मुलगी या ओढ्याच्या मधोमध उभी आहे. दादानं निळा ठोकळा किल्ल्याच्या बुरुजासाठी बाजूला काढून ठेवला होता, हे तिच्या डोक्यात येतच नाही. तिला ठोकळा दिसला, तिनं उचलला. दादा ओढा ओलांडून गेलाय, पण धाकटी अजून अलीकडे आहे हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी तिनं ते मुद्दाम केलं. म्हणून माझा अशा वेळचा प्रश्न मोठ्याला असतो, तोही रागाने नव्हे : “तो बुरुजाचा आहे, हे तिला सांगितलं होतंस?” बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं. मग तो सांगतो, जरा चिडून, पण सांगतो. आणि धाकटीला “दादाला कसं वाटलं असेल, सांग बरं?” असं रडारडीच्या मधे विचारू नका. रडताना या वयाचं मूल दुसऱ्याच्या मनात शिरू शकत नाही. त्याऐवजी आपणच सांगायचं, “दादाला तो बुरुजावर ठेवायचा होता.” विचारायचे प्रश्न रात्री झोपताना विचारावेत, तेव्हा उत्तरं छान येतात.

प्रत्यक्ष भांडणात मी काय करते ते सांगते. जवळ जाते. लांबून ओरडून काही होत नाही, उलट आवाज चढतात. खाली बसते, माझे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील अशी. हात उगारलेला असेल तर तो धरते, घट्ट पण न पिरगाळता. भांडणाची वस्तू माझ्या हातात घेते आणि सांगते, “ही मी धरून ठेवते, ठरेपर्यंत. मला नकोय.” हे “मला नकोय” महत्त्वाचं आहे, नाहीतर मुलांना वाटतं जप्त झाली. मग दिसतंय तेवढंच बोलते : “तू खूप चिडलायस. तुझ्या डोळ्यांत पाणी आलंय. दोघांना हीच बादली हवीये.” यात कोण बरोबर, कोण चूक हे नसतं. दोघांचं ऐकते, मधे बोलू देत नाही. “कुणी सुरू केलं?” हा प्रश्न मी सोडून दिलाय. आपली सुरुवात दुसऱ्याच्या सुरुवातीनंतरचीच असते, असं भांडणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आणि त्या चौकशीत आपण फौजदार होतो. शेवटी विचारते, “आता काय करायचं?” आणि गप्प बसते. ही गप्प बसायची दहा-पंधरा सेकंदं मला शिकायला काही वर्षं लागली.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यप्सिलँटी गावात हायस्कोप नावाची बालशिक्षणाची पद्धत वाढली. त्यांच्याकडे याच गोष्टीच्या सहा पायऱ्या सांगतात : शांतपणे जवळ जा, भावना ओळखून बोला, माहिती घ्या, प्रश्न पुन्हा मांडा, मुलांकडून उपाय मागा आणि नंतर लागेल ती मदत द्यायला तयार राहा. पहिल्या पाच मी न वाचताच करत होते असं मला वाटलं. सहाव्या पायरीनं मात्र मला पकडलं. भांडण मिटलं की आपण सुटकेचा श्वास सोडून भाजी परतायला जातो. पाच मिनिटांनी परत येऊन “जमतंय का ठरवलेलं?” असं विचारत नाही. आणि चार वर्षांच्या मुलांचे करार पाच मिनिटांतच मोडतात.

मुलांनी काढलेला उपाय आपल्याला पटला नाही तरी चालू द्यायचा. भातुकलीत दोघी मुलींना आई व्हायचं होतं. मी आपली शहाणपणानं म्हणाले, एक आई, एक मावशी. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. बराच वेळ घासाघीस झाली. ठरलं ते असं : एक सोमवारची आई, एक मंगळवारची आई. तो दिवस गुरुवार होता. दोघी समाधानानं उठल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या, आई कुणीच नाही. मला आजही तो निकाल नीट कळलेला नाही, पण त्या दोघींना कळला होता आणि तेवढं पुरेसं होतं.

हे सगळं रोज प्रत्येक भांडणाला करायला कुणालाही वेळ नसतो, मलाही नसतो. दिवसातल्या एका भांडणाला नीट वेळ द्या. बाकीच्यांत कुणाला लागत नाहीये ना एवढंच बघा.

आता ‘सॉरी’. “सॉरी म्हण आधी!” हे वाक्य मी बालवाडीत बंद केलं त्याला बरीच वर्षं झाली. मुलांच्या लेखी सॉरी हे तिकीट होतं. ढकललं, तिकीट काढलं, पुन्हा खेळायला मोकळं. एक मुलगा तर आधी सॉरी म्हणायचा आणि मग मारायचा. त्याऐवजी आम्ही भरपाई ठेवली. तू पाडलंस ना, मग उभारायला मदत कर. तिला लागलंय, ओलं फडकं आण आणि धरून बस. तिला तू नको असशील तर फडकं माझ्याकडे दे. काहीतरी हातानं करायला लागलं की मुलाचा चेहरा बदलतो, आणि शब्द आलाच तर तो मग खरा येतो. तुमच्या मुलानं बहिणीला ढकललं तर त्याला कोपऱ्यात उभं करून काय साधेल? पाण्याचा पेला भरून आणायला सांगा. तिनं त्याचा किल्ला मोडला तर ठोकळे गोळा करून द्यायचं काम तिचं, चार वर्षांची आहे म्हणून सुट्टी नाही.

आणि इथेच येतो आजींचा मुद्दा. “तू मोठा आहेस ना, दे तिला.” हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात बोललं जातं, माझ्याही घरात बोललं गेलं, मी स्वतः थोरली. यात वाईट हेतू अजिबात नसतो. पण जरा मोठ्याच्या जागेवरून ऐका. तो साडेसहाचा आहे आणि जन्मभर तिच्यापेक्षा मोठाच राहणार आहे. म्हणजे या नियमानं तो कधीच जिंकणार नाही. मग तो काय करतो? समोर देतो आणि आपण नसताना ढकलतो. आणि धाकटी काय शिकते? रडण्याचा आवाज पुरेसा मोठा असला की वस्तू मिळते. दोघंही अगदी तर्कशुद्ध वागत असतात. म्हणून म्हणते, आठवडाभर हे एक वाक्य बंद ठेवा. आजींनाही सांगा, पण ‘तुमचं चुकतं’ असं नको. “आई, एक आठवडा प्रयोग करतेय, मला मदत करा, मोठ्याच्या बाजूनं तुम्ही बसा” असं सांगा. आज्यांना काम दिलं की त्या फार चांगलं करतात, उपदेश दिला की रुसतात.

मोठेपणाचा विषय निघालाच आहे तर एक आठवण द्यावीशी वाटते. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला विकासवाडी उभी केली. आदिवासी पाड्यांवरची मोठी मुलं शाळेत येत नसत, कारण ती घरी धाकट्या भावंडांना सांभाळत असत. या दोघींनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. धाकट्यांची सोय झाली तशी मोठी मोकळी झाली. थोरल्याला ‘समजून घे’ असं सांगण्याऐवजी त्याच्या खांद्यावरचं ओझं काढण्याची ही रीत मला घरातही वापरण्याजोगी वाटते. आपल्या बालवाड्यांत शिक्षिकेला मुलं ‘ताई’ म्हणतात, त्या हाकेतसुद्धा एक थोरली बहीण आहे.

घरात ओझं काढायचं म्हणजे काय? मोठ्याची एक जागा करा, त्याच्या उंचीची पण तिच्या हाताला न लागणारी. खोकं चालेल, कपाटाचा खण चालेल. त्यातल्या वस्तू वाटायच्या नसतात. त्याला द्याव्याशा वाटल्या तर तो देईल, कुणी मागायच्या नाहीत, आजींनीही नाहीत. तशीच एक तिची. बाकीच्या सगळ्या घराच्या. गंमत म्हणजे मालकीची खात्री झाली की पहिल्या महिन्यातच मुलं स्वतःहून द्यायला लागतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

घराच्या वस्तूंना पाळी. ‘वाटून घ्या’ हे मुलांना कळत नाही, कारण सायकल वाटता येत नाही. पाळी कळते. मारिया माँटेसरींच्या पद्धतीत (त्यांचं पहिलं बालघर रोममध्ये १९०७ साली सुरू झालं) वर्गात प्रत्येक साधन मुद्दाम एकच ठेवतात. दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबायचं, त्यानं जागेवर ठेवलं की घ्यायचं. आपण पालक उलट करतो, दोन आणतो. आमच्याकडेही एका पालकांनी प्रेमानं दुसरी तीनचाकी दिली. भांडण थांबलं नाही, फक्त ‘सायकल कुणाची’ऐवजी ‘नवी कुणाची’ असं झालं. पाळीचं माप मुलांना दिसणारं हवं. पाच मिनिटं म्हणजे काय ते त्यांना कळत नाही. झोपाळ्यावर दहा झोके, सायकलवर अंगणाला तीन फेऱ्या. मोजणार कोण हा पुढचा तंटा, कारण बसलेला सावकाश मोजतो आणि थांबलेला धडाधड. आमच्याकडे सगळे मिळून मोठ्यानं मोजतात. अंकही पक्के होतात, तो वरचा फायदा.

खाऊ मात्र वाटता येतो, आणि त्याची जुनी रीत अजून नंबर एक आहे : एकानं भाग करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. चिक्कीचे दोन तुकडे करताना साडेसहा वर्षांचा मुलगा ज्या बारकाईनं बघतो ती बघण्यासारखी असते.

आता सोसायटीचं बघू. मला विचाराल तर तुमच्या मुलाचा खरा अडथळा इथे आहे, घरात नाही. आमच्या लहानपणी वाड्यात, चाळीत, आळीत चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची पोरं एकत्र खेळायची आणि भांडणं मिटवायची सगळी हत्यारं मोठी पोरं लहानांना देऊन जायची. कुणी शिकवलं असं कुणाला आठवतही नाही. आज शाळेत वर्ग एका वयाचा, बागेत शेजारी आई उभी, शनिवारी क्लास. हत्यारं हातात पडायची कशी? म्हणून ती मी आता बालवाडीत मुद्दाम, चक्क धडा म्हणून शिकवते.

पहिलं हत्यार ‘टाइमप्लीज’. खेळाच्या ऐन भरात एका शब्दावर सगळं थांबतं, बुटाची नाडी बांधायला, लागलं म्हणून, किंवा नुसता दम लागला म्हणून. रागाच्या वेळी थांबायला शिकवणारं याहून चांगलं काही मला मोठ्यांच्या पुस्तकात सापडलेलं नाही. घरातही लागू करा : टाइमप्लीज म्हटलं की दोघांनी हात मागे घ्यायचे. ते तुम्हालाही लागू, मुलगा तुम्हाला म्हणाला तर तुम्हीही थांबायचं. दुसरं, चकणं. तिघांनी हात पुढे करायचे, कुणाचा तळवा वर, कुणाचा खाली, वेगळा पडला तो सुटला. दोघंच असतील तर ओली की सुकी : चपट्या खापरीच्या एका बाजूला पाणी लावायचं (आम्ही थुंकी लावायचो, ते सोडून द्या) आणि उडवायची. जो निर्णय माणसानं दिला तर अन्याय वाटतो, तोच खापरीनं दिला की मुलं मुकाट मानतात. भिंतीकडे कुणी झोपायचं हा तुमच्याकडचा रात्रीचा खटला आजपासून खापरीकडे द्या.

तिसरं, कच्चं लिंबू. धाकटीला दादाच्या मित्रांत खेळायचंय, तिला पळता येत नाही, ती रडते, खेळ मोडतो. कच्च्या लिंबाला पळायला मिळतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. ही सवलत आहे आणि ती जाहीर आहे. ‘तू मोठा आहेस, तिच्याकडून हर’ यात मोठ्याला खोटं हरावं लागतं. इथे कुणालाच खोटं वागावं लागत नाही. ती पाचेक वर्षांची झाली की स्वतःच म्हणेल, “मी कच्चं लिंबू नाही!” त्या दिवशी तिच्यावर राज्य येऊ द्या, रडली तरी.

चौथं, कट्टी आणि बट्टी. मोठी माणसं याला फार घाबरतात. “असं कट्टी नाही हं करायचं!” का नाही? नात्यात थोडा वेळ दूर जायचा तो मान्य मार्ग आहे, आणि परत यायचा रस्ता आधीच आखलेला आहे : बोट पुढे करायचं, झालं. कारण सांगावं लागत नाही, माफी मागावी लागत नाही, कोण चुकलं ते पुन्हा उगाळावं लागत नाही. मोठ्यांच्या भावकीत एवढी सोय असती तर कितीतरी बांधांचे दावे कोर्टात गेले नसते. अट एकच, एकाविरुद्ध सगळ्यांची कट्टी चालत नाही. तिथे मी मधे पडते.

तरी हा मुलगा खेळात शिरतो कसा, ते एकदा खिडकीतून बघा. माझा अंदाज आहे की तो धावत मधोमध जातो, चेंडू धरतो आणि म्हणतो, “मी पण!” किंवा “मला घ्याल का?” असं विचारतो. या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर फार सोपं असतं, आणि नाही आलं की तो ढकलतो. ज्या मुलांना इतर मुलं पटकन सामावून घेतात ती वेगळं करतात. आधी कडेला उभी राहून खेळ काय चाललाय ते बघतात. मग त्याच खेळात बसेल असं काहीतरी करायला लागतात. क्रिकेट चाललंय, चेंडू गाड्यांखाली गेला, आणून दिला. दोनदा दिला. तिसऱ्यांदा कुणीतरी म्हणतं, “तू तिकडे उभा राहा फिल्डिंगला.” विचारावंच लागत नाही. हे घरी खेळून शिकवता येतं. आजोबा आणि तुम्ही भेंड्या लावा किंवा ठोकळ्यांचा पूल बांधा, तो बाहेरून येतो आणि न विचारता, न मोडता कसं शिरायचं ते करून बघतो. एकदा त्याला पूल बांधणारा करा आणि तुम्ही धसमुसळेपणानं शिरा. तो खदखदून हसेल आणि त्याला कळेलही.

तक्रार घेऊन कुणी वर आलं तर त्यांच्यासमोर मुलाला फटकारू नका. ते शेजाऱ्यांसाठी असतं, मुलासाठी नसतं. “ऐकलं, मी बघते” एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर खाली जा आणि लांब बाकावर बसा.

हे मी ठामपणे सांगते त्याला कारण आहे. बालवाडीत एक मुलगा मारकुटा म्हणून प्रसिद्ध होता. रडणं ऐकू आलं की मी मान वर करायच्या आत त्याचं नाव घ्यायची. एक दिवस भिंतीआडून मला दिसलं, की एक अगदी शहाणी, गोड मुलगी त्याला दंडावर बारीक चिमटा काढायची आणि त्यानं हात उगारला की रडायची. किती महिने हे चाललं असेल, देव जाणे. मी त्या मुलाला सांगितलं, “माझं चुकलं, मी न बघताच तुला बोलले.” तो म्हणाला, “माहितीये.” इतकंच. निकाल देणं मी त्या दिवसापासून कमी केलं.

पण सगळंच त्यांच्यावर सोडायचं नसतं. दगड, काठी, कंपास हातात आली तर बोलणं नंतर, आधी हात धरायचा. दरवेळी एकच मूल हरतंय, त्याला खाली जायची भीती वाटतेय, बाकीचे हसतायत, तर ते भांडण उरलेलं नाही, तो छळ आहे. तिथे ‘दोघांनी मिळून ठरवा’ म्हणणं अन्याय आहे, तो मोठ्यांनीच थांबवायचा. रंगावरून, जाडीवरून, जातीवरून, आईबाबांच्या कामावरून काही बोललं गेलं तर मी जागच्या जागी थांबवते आणि त्या मुलाच्या घरीही बोलते, कारण ते शब्द त्यानं कुठून तरी ऐकलेले असतात.

चावण्याचं शेवटी. चार वर्षांच्या मुलीनं क्वचित चावणं हे घाबरण्यासारखं नाही, पण चालवूनही घ्यायचं नाही. आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जा, जखम साबणानं धुवा. मग तिला एका वाक्यात, “चावायचं नाही, दुखतं.” मोठं भाषण नको, आणि ‘तुला चावून दाखवू का’ तर अजिबात नको. काहीजण खरंच दाखवतात. ती केव्हा चावते ते बघा. बहुधा मोठा अंगावर आला आणि मागे भिंत असली की. तिच्याकडे ताकद नाही, शब्द वेळेवर येत नाहीत, दात आहेत. तिला दात सोडून दुसरं काहीतरी द्या : तळहात पुढे करून खणखणीत “थांब!” हे शांत वेळी, आरशासमोर, गंमत म्हणून वीसवेळा करून घ्या, आणि दादाला सांगा की ‘थांब’ ऐकलं की थांबायचं, हा घरातला कायदा. तिचं बोलणं घराबाहेरच्या माणसांना अजून नीट कळत नसेल, दोन-तीन शब्दांच्या पुढे वाक्य जात नसेल, तर मात्र कान आणि बोलणं तपासून घ्या. अनेक जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे ही तपासणी मोफत होते. बोलता न येणारं मूल हातानं आणि दातानं बोलतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

एक जरा अवघड गोष्ट विचारते. तुमचं आणि नवऱ्याचं भांडण मुलांनी ऐकलेलं असणारच, कुठल्या घरात होत नाही? पण मिटलेलं त्यांनी कधी पाहिलंय का? बहुतेक घरांत भांडण हॉलमध्ये सुरू होतं आणि रात्री मुलं झोपल्यावर मिटतं. मुलांना पहिला अर्धाच बघायला मिळतो. पुढच्या वेळी दुसरा अर्धा त्यांच्यासमोर करा, खोटा नको, छोटा चालेल : “मघाशी मी उगाच आवाज चढवला. चहा टाकू?”

कॅलेंडरवरच्या त्या तीन दिवसांच्या खुणा खोडू नका. महिन्यानं पुन्हा तीन दिवस लिहा. भांडणांचा आकडा कदाचित तेवढाच असेल, तिकडे बघू नका. या वेळी प्रत्येक वेळेपुढे एक बारीक रेघ मारा, त्या भांडणात “आऽऽई!” अशी हाक आली असेल तरच. मग रेघा मोजा.